घरापुढच्या पार्किंगसाठी प्रेशर वॉशर घेताना: बार नंतर, आधी लिटर

जुलै संपत आला की नाशिकमधल्या बंगल्यांपुढचे रॅम्प हिरवे पडायला लागतात. सुरुवात पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतून होते, मग पागोळीचं पाणी पडतं तो पट्टा हिरवा होतो, आणि श्रावणापर्यंत गेटपासून पायरीपर्यंत पाय जपून टाकावा लागतो. गंगापूर रोडला त्र्यंबकच्या बाजूला जावं तसा पाऊस वाढतो आणि शेवाळही. जिथे दिवसभर भिंतीची सावली असते तिथे तर दसऱ्यापर्यंत जमीन वाळत नाही. मग कधीतरी स्कूटर स्टँडवर घेताना पाय सरकतो आणि त्याच रात्री मोबाइलवर प्रेशर वॉशर, म्हणजे दाबाने पाणी मारणारी मशीन, शोधणं सुरू होतं.

तिथे पहिलं दिसतं ते ‘२१० बार’. बार म्हणजे दाबाचं माप. दुसऱ्या मशीनवर १५०, तिसऱ्यावर १३५. माणूस साहजिकच मोठा आकडा निवडतो आणि बहुतेक फसगत इथेच होते. दाब शेवाळाची पकड सोडवतो, पण सुटलेला चिखल वाहून नेतं ते पाणी. पाणी कमी पडलं तर घाण जागच्या जागी उडते, भिंतीवर बसते आणि वाळल्यावर पुन्हा खाली येते.

आधी अंगण मोजा

टेप घ्या आणि फक्त धुवायची जागा मोजा. रो हाऊसपुढची जागा बहुधा शंभर-दीडशे चौरस फूट भरते. तेवढ्यासाठी मशीन घ्यायची गरज नाही. ब्लीचिंग पावडरचं पाणी, प्लॅस्टिकच्या कडक काड्यांचा लांब दांड्याचा ब्रश आणि तासाभराची मेहनत यात काम होतं. गाडीही घरीच धुवायची असेल तर गोष्ट वेगळी.

दीडशे ते पाचशे चौरस फुटांना घरगुती मशीन योग्य. त्यापुढे, किंवा चार-पाच घरांनी मिळून एक मशीन घ्यायची असेल तर इंडक्शन मोटरचीच घ्या (ती कशी असते ते पुढे आहे). वर्गणीची मशीन कोणीच जपून वापरत नाही.

दुसरं, जमीन कशाची आहे ते नीट पाहा. यावर किती दाब लागेल हे ठरतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे किती दाब चालणार नाही हेही.

पेव्हर ब्लॉक दोन तऱ्हेचे असतात. यंत्रात दाबून काढलेला ब्लॉक खडबडीत आणि टणक असतो, तो जेट सोसतो. रबर मोल्डमध्ये ओतलेला चकचकीत ब्लॉक दिसायला देखणा, पण त्याचा रंग आणि चकाकी वरच्या पातळ थरातच असते. जवळून मारलेला जेट ती चकाकी पट्ट्यापट्ट्यांनी उडवतो आणि तो डाग पुन्हा जात नाही.

शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड. शहाबादी थरांची असते. एखाद्या कोपऱ्यात पापुद्रा सुटलेला असला की जेट त्याच्याखाली शिरतो आणि टवका काढतो. या तिन्हींवर ॲसिड कधीच वापरायचं नाही. चुनखडी ॲसिडमध्ये विरघळते, फरशी पांढरट आणि खरखरीत होते, आणि खरखरीत फरशीवर पुढच्या वर्षी शेवाळ आणखी घट्ट धरतं.

कोब्याची परीक्षा नाण्याने करा. नाण्याच्या कडेने जोरात घासल्यावर वाळू सुटली तर वरचा थर कच्चा आहे. तिथे मशीन लावली की कोबा धुऊन निघेल. वाळू सुटली नाही तर बिनधास्त धुवा. पार्किंग टाइल्स दाबाला पक्क्या असतात, पण त्यांच्या सांध्यातलं ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा मसाला, तेवढं पक्कं नसतं. जुन्या वाड्यांपुढच्या काळ्या पाषाणाच्या फरशीला मात्र घरगुती मशीन काहीही करू शकत नाही.

बॉक्सवरचे आकडे

बॉक्सवर मोठ्या अक्षरात असतो तो कमाल दाब. मशीन सुरू करताना किंवा ट्रिगर सोडताना क्षणभर येणारा. काम करताना मिळतो तो वर्किंग प्रेशर. त्याला रेटेड प्रेशरही म्हणतात. तो बॉक्सवर नसला तरी मशीनच्या अंगावरच्या पट्टीवर बहुधा असतो. दुकानात बॉक्स उघडून ती पट्टी वाचा. पट्टीवर वर्किंग प्रेशर दिलेलाच नसेल तर ती मशीन मागे ठेवा.

आता एक छोटा हिशेब, जो दुकानात उभ्या उभ्या करता येतो. दाब बारमध्ये आणि पाणी मिनिटाला लिटरमध्ये घ्या, दोन्हींचा गुणाकार करून ६०० ने भागा. येते ती पाण्यातली ताकद, किलोवॅटमध्ये. मोटर आणि पंप मिळून विजेतली साधारण तीस टक्के ताकद वाटेतच गमावतात. सोप्या भाषेत, बार गुणिले लिटर हा आकडा वॅटच्या चाळीस-बेचाळीस टक्क्यांपेक्षा फार पुढे जाऊ शकत नाही.

१८०० वॅटची मशीन घ्या. तिचे चाळीस टक्के ७२०. मिनिटाला ७ लिटर पाणी देत असेल तर दाब साधारण १०० बार. त्याच मशीनवर ‘२१० बार, ८ लिटर’ लिहिलं असेल तर गुणाकार १६८० होतो. एवढ्या कामाला चार किलोवॅटच्या पुढची मोटर लागेल, आणि ती घरातल्या प्लगवर चालणारही नाही. म्हणजे छापलेल्या दोन आकड्यांपैकी निदान एक खोटा. जी कंपनी बॉक्सवर असं छापते ती आत पंपाचे सील, म्हणजे पाणी गळू न देणारी रबरं, कशी बसवत असेल, याचा अंदाज यायला हरकत नाही.

पार्किंगसाठी मागायचं ते एवढं: वर्किंग प्रेशर ९० ते ११० बार आणि पाणी मिनिटाला किमान ६ लिटर, सात असेल तर उत्तम. हे १६०० ते २००० वॅटमध्ये बसतं. काही मशीनवर पाणी तासाच्या हिशेबात लिहिलेलं असतं. ३६० म्हणजे मिनिटाला सहाच. एकीत १२० बार आणि ५ लिटर, दुसरीत ९० बार आणि ७ लिटर असा पेच पडला तर पार्किंगसाठी दुसरी घ्या.

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबाग असलेल्यांच्या घरी औषध फवारणीचा एचटीपी पंप असतोच, आणि तोच अंगणाला का चालणार नाही असा प्रश्न हमखास येतो. एचटीपी भरपूर पाणी देतो, पण दाब साधारण २५ ते ४० बार. ट्रॅक्टरचा चिखल काढायला झकास. कोब्यात मुरलेलं वर्षभराचं काळं शेवाळ मात्र त्याने पूर्ण सुटत नाही. आधी ब्लीचिंग, मग एचटीपी असं केलं तर बरंच भागतं आणि नव्या मशीनचा खर्च वाचतो. फवारणीची टाकी, पाइप आणि गन मात्र यासाठी वापरू नका, वेगळा संच ठेवा. औषधाचा अंश अंगणात नको, आणि ब्लीचिंगचा अंश बागेतही नको.

मोटर: आवाजाने ओळखा

घरगुती मशीन दोन जातींच्या. युनिव्हर्सल मोटर, म्हणजे मिक्सरमध्ये किंवा ड्रिल मशीनमध्ये असते ती, कार्बन ब्रशवर चालणारी. हलकी, स्वस्त, साधारण पाच ते दहा हजारांत मिळणारी आणि कानठळ्या बसवणारी. वीस-पंचवीस मिनिटं चालवून तिला तितकाच विसावा द्यावा लागतो. कार्बन झिजले की बदलता येतात, पण ते बाहेरून झाकण काढून बदलता येतात की अख्खी मशीन उघडावी लागते, हे घेतानाच विचारा.

इंडक्शन मोटर पाण्याच्या मोटरसारखी एकसुरी घुमते. कार्बन नाहीत, त्यामुळे तासभर सलग चालते. वजन वीस किलोच्या आसपास किंवा जास्त, किंमत दुप्पट-तिप्पट. जळाली तरी अंबड-सातपूर भागात रिवाइंडिंग करणारे भरपूर आहेत. युनिव्हर्सल मोटरचं आर्मेचर जळलं तर बहुतेक वेळा नवीन मशीनच परवडते.

वर्षातून दोन-तीनदा पार्किंग आणि महिन्यातून एकदा गाडी एवढंच काम असेल तर युनिव्हर्सल पुरते. तिला विश्रांती द्यायची शिस्त पाळणार नसाल तर सुरुवातीलाच इंडक्शन घ्या.

पंपाचं डोकं, जिथून पाणी आत-बाहेर होतं तो भाग, प्लॅस्टिकचं, ॲल्युमिनियमचं किंवा पितळेचं असतं. बोअरचं पाणी वापरणार असाल तर पितळेचं बघा. सहसा ते इंडक्शनच्या मशीनलाच मिळतं. घरगुती रेंजमध्ये ॲल्युमिनियम मिळालं तरी समाधान माना.

पाणी: बादली आणि घड्याळ

मशीन जेवढं पाणी फेकते त्याहून जास्त तिला नळातून मिळालं पाहिजे. हे न तपासता मशीन घेतली की महिन्याभरात ‘प्रेशर येत नाही’ म्हणून ती सर्व्हिस सेंटरला जाते, आणि तिथे ती उत्तम चालते.

तपासणी पाच मिनिटांची. ज्या पाइपने पाणी देणार आहात तोच पाइप नळाला जोडा आणि मशीन ठेवायच्या जागेपर्यंत न्या. त्याच्या टोकाशी दहा लिटरची बादली ठेवा, नळ पूर्ण उघडा आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. ६०० ला त्या सेकंदांनी भागलं की मिनिटाला किती लिटर ते कळतं. बादली ४५ सेकंदांत भरली तर १३ लिटर, म्हणजे ठीक. ८० सेकंद लागले तर साडेसात लिटर. सात लिटरच्या मशीनला हे काठावरचं आहे.

गच्चीवरच्या टाकीचं पाणी असेल तर दहा मीटर उंचीला एक बार दाब असं गणित धरा. एकमजली घरात टाकी जेमतेम चार मीटरवर असते, म्हणजे दाब ०.४ बार. त्यातून अर्ध्या इंचाचा वीस मीटर पाइप टाकला की धार बारीक होते. पाऊण इंची पाइप घ्या आणि शक्य तितका आखूड ठेवा.

नाहीतर ड्रम. महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळीच येत असल्याने हा मार्ग अनेकांना सोयीचा पडतो. मात्र ड्रममधलं पाणी ओढून घेण्याची सोय, म्हणजे सेल्फ प्रायमिंग, त्या मशीनमध्ये आहे का हे विचारा. प्रत्येकात ती नसते. असली तरी ड्रम ओट्यावर आणि मशीन खाली अशी मांडणी करा, पंपाचा त्रास वाचतो. सक्शन पाइपच्या टोकाला जाळी हवीच, आणि ते टोक तळापासून चार बोटं वर लटकलेलं ठेवा. तळाचा गाळ आत जायला नको.

दोनशे लिटरचा ड्रम साडेसहा लिटरच्या मशीनला अर्धा तास पुरतो. युनिव्हर्सल मोटरला विसावा द्यायची वेळही साधारण तीच. ड्रम रिकामा झाला की हात थांबतो, मोटरही निवते.

तीनशे चौरस फूट चांगली शेवाळलेली जागा धुवायला दीड-दोन तास आणि सहाशे ते आठशे लिटर पाणी लागतं. ऐकायला जास्त वाटतं, पण हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की नऊशे लिटरच्या वर पाणी जमतं. गच्चीच्या पाइपखाली दोन ड्रम ठेवा, तोंडाला जुन्या साडीचं दुपदरी कापड बांधा. गंगापूर धरणातून आलेलं पिण्याचं पाणी शेवाळावर मारायची गरज राहत नाही. शिवाय पावसाचं पाणी मऊ, पंपात क्षार धरत नाही. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. ते वापरलंच तर शेवटची दोन मिनिटं मशीनमधून नळाचं किंवा पावसाचं पाणी जाऊ द्या.

वीज, जिथे हयगय चालत नाही

१८०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ आठ अँपिअर. टीव्हीचा लहान प्लग सहा अँपिअरचा, तो इथे चालत नाही. सोळा अँपिअरचा, वायरमन ज्याला पॉवर प्लग म्हणतो, तोच लागतो. त्याच वेळी गीझर चालू ठेवू नका. गीझर दोन किलोवॅटचा, दोन्ही मिळून सोळा अँपिअरच्या पुढे जातात, आणि जुन्या वायरिंगमध्ये एमसीबी पडला तर नशीब म्हणायचं; न पडणं जास्त वाईट.

घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा खटका, आहे का पाहा. वायरमन त्याला बहुधा ईएलसीबीच म्हणतो. त्यावरचं टेस्टचं बटण दाबा, खटका पडलाच पाहिजे. आरसीसीबी नसेल तर मशीनच्या आधी तो बसवून घ्या. ओल्या अंगणात, ओल्या हाताने, विजेवरची वस्तू चालवायची आहे. इथे काटकसर नको.

एक्स्टेंशन लागणारच असेल तर तीन तारांची २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल घ्या. बाजारातली तयार गुंडाळी बऱ्याचदा ०.७५ किंवा १ चौरस मिलिमीटरची असते. तिच्यात व्होल्टेज पडतं, आणि गुंडाळीतच ठेवून चालवली तर केबल तापून मऊ पडते. पूर्ण उलगडा, आणि प्लगचा जोड जमिनीवर न ठेवता खुर्चीच्या पाठीला टांगा. त्याहून चांगलं म्हणजे मशीन प्लगजवळच कोरड्यात ठेवायची आणि लांबी पाण्याच्या बाजूला वाढवायची. म्हणून प्रेशरचा पाइप आठ मीटरचा मिळत असेल तर पाच मीटरच्या मोहात पडू नका.

नोझल आणि जोड

नोझलच्या रंगांची खूण बहुतेक ठिकाणी एकच: लाल शून्य अंशाचं, पिवळं पंधरा, हिरवं पंचवीस, पांढरं चाळीस, काळं साबणासाठी. लाल नोझल घरात ठेवूच नका. पेन्सिलीएवढी धार सगळी ताकद एका टिंबावर आणते. ती पेव्हरची कड उडवते आणि पायावर आली तर कातडीही फाडते. पार्किंगचं जवळजवळ सगळं काम हिरव्यावर होतं, गाडीचं पांढऱ्यावर.

काही मशीनना अदलाबदलीचं नोझल नसतं. एक फिरवून पसरट-बारीक करायची दांडी आणि एक टर्बो, म्हणजे भोवऱ्यासारखी फिरणारी धार. टर्बो कोब्यावर आणि पाषाणावर सुंदर चालतो. चकचकीत पेव्हर, शहाबादी आणि गाडी या तिघांपासून तो लांब ठेवा.

तबकडीसारखा सर्फेस क्लीनर मोठ्या सपाट पार्किंगला छान, पट्टे उमटत नाहीत. पण मिनिटाला सहा लिटरच्या खालच्या मशीनवर त्याचे हात नुसते रेंगाळत फिरतात. सात लिटर असेल तरच त्याच्यावर पैसे घाला.

जोडांचा घोळ मात्र आधीच समजून घ्या. कार्चर, बॉश यांची दांडी अडकवायची खाच ज्याची त्याची वेगळी. एकाचा टर्बो दुसऱ्याच्या गनला थेट बसत नाही. एम-२२ नावाच्या आट्यांतही आतली नळी १४ आणि १५ मिलिमीटर अशी दोन मापांची असते. आटे व्यवस्थित बसतात, पाणी मात्र गळतं, आणि माणूस रबर बदलत बसतो. जुना पाइप सोबत नेऊन कॅलिपरने माप घेतलेलं बरं.

दुकानदाराला विचारायचे प्रश्न मोजकेच. पंपाचा सील किट सुटा मिळतो का? गन आणि पाइप सुटे मिळतात का? दुरुस्ती नाशिकमध्येच होते की मशीन मुंबई-पुण्याला जाते? तिसऱ्याचं उत्तर गोलमोल आलं तर पुढचं दुकान बघा.

पहिली धुलाई

पावसाळ्यात एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा, अशी दोन कामं वेगळी समजा. पावसाळ्यात फक्त रॅम्प, गेटची वाट आणि पायऱ्यांपुढचा भाग धुवायचा, निसरडेपणा जाण्यापुरता. पूर्ण धुलाई ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी. कारण पेव्हरच्या सांध्यांतली वाळू धुताना निघते, ती पुन्हा भरावी लागते, आणि भर पावसात ओली वाळू सांध्यात उतरत नाही.

आदल्या संध्याकाळी ब्लीचिंग करा. प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर पाणी, त्यात तीनशे ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर. जुन्या, दगड झालेल्या पावडरमधला क्लोरीन उडून गेलेला असतो. ढवळून अर्धा तास निवळू द्या आणि वरचं स्वच्छ पाणी झारीने शेवाळावर शिंपडा. एका कोपऱ्यात आधी करून पाहा; रंगीत पेव्हर फिकट पडू शकतो. वीस मिनिटांनी ब्रश फिरवून साधं पाणी मारा. हिरवं शेवाळ तपकिरी पडलं म्हणजे मेलं. हे पाणी मशीनच्या साबणाच्या डब्यात भरायचं नाही, पंपाचे सील खराब होतात. लोखंडी गेट आणि कुंड्यांवर उडालं तर लगेच धुवा. संडास साफ करायच्या ॲसिडशी ते कधीही एकत्र येऊ देऊ नका. दोन्ही मिळाले की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

तेलाच्या डागावर थेट जेट मारला तर डाग फक्त पसरतो. त्यावर रात्रभर लाकडाचा भुसा घाला, सकाळी झाडून टाका आणि कपड्यांच्या पावडरने घासा. त्यानंतर मशीन.

सकाळी कोरडा कचरा खराट्याने काढा. चेंबरच्या तोंडावर जाळी किंवा गोणपाट टाका. सुटलेला चिखल बाहेर गेला की शेवटी नाला आणि नासर्डी-गोदावरीपर्यंत पोचतो, आणि त्याआधी तुमचाच चेंबर तुंबतो. पायात चपला नकोत, बूट घाला. डोळ्यांवर गॉगल लावा. मुलं आणि कुत्रा आत.

मशीन जोडल्यावर बटण लगेच दाबायचं नाही. नळ उघडा, ट्रिगर दाबून धरा आणि गनमधून पाणी फुसफुस न करता सरळ वाहायला लागेपर्यंत थांबा. पाइपमधली हवा निघायला अर्धा-एक मिनिट लागतो. मग ट्रिगर सोडा आणि बटण दाबा. ही पायरी गाळली की पंप कोरडा फिरतो, आणि सील बहुतेक वेळा जातात ते असेच.

सुरुवात दीड वीत अंतरावरून. धार जमिनीशी साधारण ४५ अंशांत तिरकी आणि सांध्यांना आडवी. सांध्याच्या रेषेत धरली तर वाळू खणून निघते. घराकडून गेटकडे, उताराबरोबर सरका. एका पट्ट्यावर दुसरा एक तृतीयांश चढवा. शेवाळ निघत नसेल तर हात हळू करा, तरीही नाही निघालं तरच नोझल थोडं जवळ न्या. एक वितीच्या आत जायची वेळ आली तर ब्लीचिंग कमी पडलंय असं समजा आणि तिथे ते पुन्हा करा.

भिंतीचा रंग, मीटरची पेटी, खिडकीचं रबर आणि गाडीच्या टायरची बाजू यांवर धार जाऊ देऊ नका. पायाचा चिखल गनने धुवायचा मोह फार होतो. कातडीत दाबाने पाणी शिरलं तर वरून टाचणीएवढीच जखम दिसते आणि आतला मांसल भाग सडू शकतो. असं झालंच तर दुखत नसलं तरी थेट दवाखाना.

दोन दिवस ऊन खाऊन सांधे वाळले की चाळलेली कोरडी बारीक वाळू पसरा आणि कुंच्याने तिरकी झाडत भरा. शंभर चौरस फुटांना साधारण एक घमेलं. रिकाम्या सांध्यात माती बसते, मातीवर गवत येतं, आणि चाकाखाली ब्लॉक डुगडुगायला लागतो.

बिघाड, आवाजावरून

धार झटके देत असेल आणि पंप खडखडत असेल तर तो हवा ओढतोय. पाणी आत येतं तिथली जाळी काढून पाहा. बहुतेक वेळा शेवाळाचा धागा किंवा वाळू. जाळीवर पांढरे क्षार असतील तर तासभर व्हिनेगरमध्ये बुडवा. जाळी साफ असेल तर नळाच्या जोडाचं वायसर बघा.

मोटर छान फिरते पण जोर नाही, अशा वेळी आधी नोझलवर संशय घ्या. भोकात एखादा कण असेल तर धार एका बाजूला फाकते. बारीक सुईने कण सोडवा आणि नोझल उलटं धरून नळाखाली धुवा. वर्षानुवर्षं बोअरच्या पाण्यावर चाललेलं नोझल झिजून भोक मोठं होतं; ते बदलायचंच.

ट्रिगर सोडल्यावर मशीन थांबते, पण दर दहा-वीस सेकंदांनी आपोआप एकदा गुरगुरते. हे फार जण दुर्लक्षित करतात. कुठेतरी दाब गळतोय म्हणून ती तो भरून काढतेय. गन आणि पाइपच्या जोडातला ओ-रिंग, म्हणजे रबरी गोल वायसर, काढा, चिरला असेल तर बदला, नसेल तर सिलिकॉन ग्रीस लावून बसवा. बाहेर कुठेच थेंब दिसत नसेल तर पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारी झडप; तो कारागिराकडचा विषय.

बटण दाबलं की मोटर हुंकारते पण फिरत नाही: ट्रिगर दाबून धरा आणि पुन्हा सुरू करा, पाइपात दाब अडकलेला असतो. तरीही नाही तर व्होल्टेज मोजा. संध्याकाळी ते दोनशेच्या खाली गेलं असेल तर सकाळपर्यंत थांबा. इंडक्शन मशीनमध्ये कपॅसिटर गेल्यावरही हाच आवाज येतो, आणि तो स्वस्तात बदलून मिळतो. मशीनखालून थेंब थेंब तेल किंवा दुधी पाणी येत असेल तर सील गेले; तशीच चालवली तर पंप जातो.

ठेवून देताना

काम झालं की आधी बटण बंद, मग नळ बंद, मग दाब संपेपर्यंत ट्रिगर. पाइप काढा आणि बटण पाच-दहा सेकंद चालू करून पंपातलं उरलेलं पाणी बाहेर काढा, त्याहून जास्त नको.

परदेशी बनावटीच्या मशीनच्या पुस्तिकेत बर्फ आणि गोठणाऱ्या पाण्याबद्दल भरपूर इशारे असतात. निफाडला पारा शून्याजवळ गेल्याच्या बातम्या येतात खऱ्या, पण गॅरेजमधली मशीन गोठत नाही. तिला इथे मारतो तो एप्रिल-मे. पत्र्याच्या शेडखाली सील वाळून चिरतात आणि जूनमध्ये पहिल्याच दिवशी पाणी खालून येतं. घरात, जिन्याखाली ठेवा, आणि दोन महिन्यांतून एकदा पाच मिनिटं पाण्यावर चालवा. केबल गुंडाळून खिळ्याला उंच टांगा. जिन्याखालच्या उंदरांना ती फार आवडते.